गरम झाल्यावर ओढत नाही

मार्च सरत आला की आमच्या गल्लीत दुपारी दार उघडं ठेवता येत नाही. ऊन सोसतं, रुई सोसत नाही. शेजारच्या लूमशेडची मागची खिडकी आमच्या अंगणाकडे उघडते, आणि हवा कोरडी झाली की सुताचं तूस तरंगत येतं. वरणावर बसतं, ओल्या केसांवर बसतं, परीक्षेसाठी उघडलेल्या पुस्तकावर बसतं. मी आता ठाण्याला एका गोदामाच्या ऑफिसात काम करते. तिथे काचा बंद असतात. तरी मार्च आला की कागद हातात घेण्याआधी मी त्यावरून एकदा तळहात फिरवते. नसलेलं तूस झटकते.

आणि खाडीवरचा कशेळीचा पूल जवळ आला की गाडीतलं गाणं बंद करते. माझ्या गाडीला क्लच आहे, ती धड आहे, तिने मला कधी दगा दिलेला नाही. पण चढ सुरू झाला की कान लागतात. ओहोटीच्या चिखलाचा वास आत येतो, पुढे ट्रेलरच्या मागचे लाल दिवे लागतात, आणि मी इंजिनाचा आवाज ऐकत राहते. आवाज वाढला आणि गाडी तेवढी पुढे गेली नाही तर, एवढाच विचार येतो. तो पुरा होण्याआधी पूल संपतो.

हे सगळं एका उन्हाळ्याचं देणं आहे.

त्या वर्षी मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. ठाण्याचं कॉलेज, विषय फिजिक्स. पप्पा मला आणि महिन्याच्या भाड्यावर शेलार गावातल्या तीन मुलींना सकाळी गाडीने सोडायचे आणि दुपारी परत आणायचे. त्या तिघी नर्सिंग शिकत होत्या. त्या मागे बसून हाडांची नावं पाठ करायच्या, मी पुढे बसून सूत्रं. पप्पा म्हणायचे, "माझ्या गाडीत फुकट शिकायला मिळतं, मलाच डॉक्टर करा आता."

गाडी जुनी, पांढरी आणि बिनक्लचची होती. बिनक्लचची का, तर पप्पांचा डावा पाय. ते लूमवर फिटर होते. सुताचं बीम, म्हणजे लोखंडी आसावर गुंडाळलेला सुताचा मोठा रूळ, चढवताना निसटलं आणि पावलावर आलं. पाऊल राहिलं, त्यातला जोर गेला. त्यानंतरच्या वर्षाबद्दल आई फार बोलत नाही. "भिंतीकडं तोंड करून बसायचे," एवढंच सांगते. "चाय दिली तरी तिकडं तोंड करूनच प्यायचे."

एका उजव्या पायावर चालणारी गाडी असते, हे त्यांना सलीमचाचांनी सांगितलं. शेजारची लूमशेड चाचांची. पप्पांनी त्यांच्याकडे बरीच वर्षं काम केलेलं. आपोआप गिअर बदलणारी जुनी गाडी आमच्या भागात कुणी विकत घेत नसे, म्हणूनच ती आमच्या आवाक्यात आली. पहिल्या दिवशी पप्पांनी ती अंगणातून शेलार नाक्यापर्यंत नेली आणि परत आणली. आई सांगते, त्या संध्याकाळी ते पलंगावर भिंतीला पाठ लावून बसले.

तर मार्चमधली ती दुपार. कॉलेजहून परत येत होतो. पुलाच्या चढावर ट्रेलरांची रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. पप्पांनी पाय दाबला. इंजिन ओरडलं. गाडी जागची हलली नाही.

असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. जोर कुठेतरी आत फुकट चालला होता. मग खाली बसल्यासारखा एक धक्का, आणि गाडी हातभर पुढे. पुन्हा तेच. मागच्या ट्रेलरवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

"काय झालं पप्पा?"

"ओढत न्हाय."

मागून प्रणाली म्हणाली, "काका, उतरून ढकलू का?" प्रणाली त्या तिघींतली सगळ्यात धीट.

"बस गप. तुमचं काम मानसं ढकलायचं, स्ट्रेचरवर." पप्पा हसले नाहीत, मुलीही हसल्या नाहीत. पप्पांच्या कानामागून घाम उतरत होता आणि त्यांचा डावा पाय, ज्याला त्या गाडीत काहीच काम नव्हतं, जमिनीवर घट्ट दाबलेला होता. नसलेलं पेडल शोधत असावा.

कसेबसे पूल उतरलो. पलीकडे सावलीत गाडी उभी केली, काचा उघडल्या. बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू केली तेव्हा ती काहीच झालं नसल्यासारखी घरी आली.

नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने बॉनेटही उघडलं नाही. एक चक्कर मारली आणि चावी परत दिली. "गिअरबॉक्स गेला. खोलायला गाडीच्या किमतीपेक्षा जास्त लागेल. विकून टाका." पप्पांनी मान हलवली. घरी येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले, "बरोबर हाय त्याचं."

मग दिवस मोजायची पाळी आली. आठवडाभरात गाडी पुलावर दोनदा तशीच अडली. तिघींच्या घरून निरोप आला की परीक्षेपुरती रिक्षा लावतोय, आणि पुढच्या वर्षाचं मग बघू. कुणी वाईट बोललं नाही, त्यामुळे जास्तच लागलं. आणि जुन्या गाड्या तोडायला घेणारा एक माणूस अंगणात येऊन गाडीभोवती फिरून गेला. टायर दाबून पाहिले, सीटवर हात मारला. "जुम्मे को दोपहर में आता हूँ," तो म्हणाला. "चाबी तैयार रखना, चेन मैं लेके आऊंगा."

त्या रात्री जेवताना पप्पा पाटावर नेहमीच्या जागी बसले होते, पण मी पाहिलं, ते जरासे भिंतीकडे वळले होते. आईनेही पाहिलं. ती मला आत बोलावून म्हणाली, "गाडी गेली तर जाऊ दे. पन तुझा बाप त्या गाडीच्या मागं जायाला न्हाय पायजे."

मला गिअरबॉक्समधलं काही कळत नव्हतं. बीएस्सीच्या अभ्यासक्रमात तो नव्हता. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, हिंदीतले, इंग्रजीतले, थांबवून थांबवून. पप्पा बाजूला बसून म्हणायचे, "हा ओरडतो फार. ज्याला येतं तो येवढा ओरडत न्हाय." पण उठून जायचे नाहीत.

शाळेतल्या आमच्या विज्ञानाच्या बाई मला त्या दिवसांत सारख्या आठवायच्या. शाळेत उपकरणं कमी, मुली जास्त. बाई म्हणायच्या, काही कळत नसेल तर आधी हे बघा की ते कधी होतं आणि कधी होत नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पुढे कॉलेजात मोठे शब्द पुष्कळ शिकले. पण मी जे काही आहे ते या दोन वाक्यांवर उभं आहे, आणि ती वाक्यं मला फुकट मिळाली, हे मी विसरत नाही.

म्हणून आम्ही तेल बघण्यापासून सुरुवात केली. गल्लीबाहेरच्या बुद्धविहारासमोरचा रस्ता सपाट आहे, तिथे गाडी नेली. जयंती जवळ आली होती, पोरं निळ्या पताका बांधत होती, त्यांनी शिडी बाजूला घेतली. इंजिन चालू ठेवून, तापल्यावर, गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी बाहेर काढायची होती. पप्पांना ते पटेना. "तेल नेहमी बंद गाडीत बघतात." मी म्हटलं, या गाडीच्या पुस्तकात चालू म्हटलंय. "पुस्तकाला काय, त्याचा हात भाजत न्हाय," म्हणाले, आणि पट्टी त्यांनीच ओढली, मला हात लावू दिला नाही.

पट्टी पुसायची कशाने? भिवंडीत चिंध्यांना तोटा नाही, पण प्रत्येक चिंधी तूस सोडते. शेवटी जुन्या कॅलेंडरचं पान घेतलं. त्याच्या कोऱ्या बाजूवर तेलाचा थेंब सोडला आणि दोघं वाकून पाहत राहिलो. चांगलं तेल कोकमाच्या सरबतासारखं लाल असतं, व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं. आमचं विड्यातल्या कातासारखं तपकिरी होतं. पप्पांनी ते दोन बोटांत चोळलं, डोळे मिटून. सुताचा काउंट, म्हणजे जाडी-बारीकपणा, ते तसाच सांगायचे.

"कचकच न्हाय," ते म्हणाले. "लोखंड झिजलं असतं तर बोटाला लागलं असतं." मग वास घेतला. "तापलंय पन. फोडणी करपायच्या आधी येतो तसा वास हाय."

पातळी बरोबर होती. म्हणजे गळती नाही. कचकच नाही, म्हणजे कदाचित अजून सगळं संपलेलं नाही. कदाचित. त्या शब्दावर आम्ही दोन दिवस काढले.

पहाटे पप्पा गाडी एकटे फिरवून आणायचे, लोण्यासारखी चालायची. दुपारी मोकळ्या रस्त्यावर अर्धा वेळ ठीक. दुपारी, गर्दीत, चढावर, थांबत थांबत, की संपलं. सलीमचाचा शेडच्या दारात उभे राहून हे येणं-जाणं बघायचे. एक दिवस म्हणाले, "रमेशभाऊ, ये गाडी नहीं, नवाब है. धूप में काम नहीं करती."

पप्पा त्यांच्यावर चिडले. मी चिडले नाही, कारण चाचांनी चेष्टेत तेच म्हटलं होतं जे मी तीन दिवस मनात घोळवत होते. मोडलेली वस्तू थंड असतानाही मोडलेली असते. ही थंड असताना धड होती.

मग प्रश्न उरला तो एवढाच: तेल गार कुठे होतं? गिअरबॉक्समधून दोन नळ्या पुढे जातात. एकीतून तापलेलं तेल पुढच्या छोट्या जाळीत जातं, वारा लागून निवतं, आणि दुसरीतून परत येतं. एक नळी गरम लागली पाहिजे आणि दुसरी तिच्याहून गार. हे तपासायला कुठलं यंत्र लागत नाही. ओला फडका आणि हात पुरतो.

दुपारी गाडी तापवून आणली. इंजिन चालू, पंख्यापासून हात लांब. पप्पांनी फडका भिजवला, एक नळी धरली, सोडली. दुसरी धरली. सोडली. पुन्हा पहिली.

"काय?"

"थांब."

पुन्हा दुसरी. शेडमध्ये लूम खडखडत होत्या, आई ओट्यावर तांदूळ निवडता निवडता थांबली होती. पप्पांनी फडका खांद्यावर टाकला.

"दोन्ही सारख्याच तापल्यात. काय निवत न्हाय आत."

"मग जाळी तुंबली असणार."

"जाळी?" पप्पा दुखावल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. "जाळी मी दर शुक्रवारी साफ करतो. तू बघतेस."

खरं होतं. शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी पप्पा चाचांच्या शेडमधून हवेचा पाइप अंगणात ओढून आणायचे आणि गाडीचं तोंड फर्रर करून साफ करायचे, जसं वर्षानुवर्षं शिफ्ट संपल्यावर लूम साफ केलं तसं. आमच्या गल्लीत त्यांच्याइतकी स्वच्छ गाडी कुणाचीच नव्हती. आताही पुढून जाळी चकचकत होती. एक धागा नाही.

मी मोबाइलचा दिवा लावला आणि वरून, पुढची जाळी आणि तिच्यामागची तेलाची जाळी यांच्यामधल्या फटीत डोळा लावला. आधी काही दिसलं नाही. मग लक्षात आलं की काही दिसत नाही, हेच चुकीचं आहे. तिथून पलीकडचं दिसायला हवं होतं. तिथे करडी भिंत होती.

चाचांनी मोडक्या फणीतली एक पोलादी पट्टी आणून दिली, लांब आणि पातळ. लूममध्ये फणीच्या अशाच दातांमधून सूत जातं. पप्पांनी ती फटीत घातली, फिरवली आणि हलकेच ओढली. तुसाचा एक पट्टा बाहेर आला. मग आणखी. तेलाने, धुळीने, उन्हाने थापून थापून झालेला, लोकरीच्या जाड नमद्यासारखा. ओढत गेले तसा येत गेला. जमिनीवर पडलेला ढीग बघून आई म्हणाली, "एक उशी व्हईल यात."

पप्पा तो पट्टा हातात घेऊन खाली बसले. लूमला पुढून हवा मारतात, कारण लूमच्या मागे मोकळी जागा असते. तूस उडून जातं. गाडीत पहिल्या जाळीमागे तेलाची जाळी, तिच्यामागे रेडिएटर. तूस जाणार कुठे? दर शुक्रवारी ते थोडं आत जात होतं.

"हे मीच ठासलंय," ते म्हणाले.

सलीमचाचा पुढे आले. "हमारे यहाँ किसी ने आज तक पीछे से हवा मारी है क्या? मैं भी यही करता." आणि स्वतः आत जाऊन त्यांनी हवेचा पाइप आणला. वार गुरुवार होता, लूम चालू होत्या. त्यांनी एक लूम बंद करून हवा दिली.

या वेळी पप्पांनी बॉनेटखालून, इंजिनाच्या बाजूने हवा मारली. आतून बाहेर. गाडीच्या तोंडातून तुसाचा लोट निघाला आणि अंगणभर तरंगत राहिला. कुणीच तोंडावर पदर किंवा रुमाल धरला नाही. जुन्या तेलातलं निघालं तेवढं काढून नवं घातलं. तेवढं आमच्या हातातलं होतं. थेंब कॅलेंडरवर टाकून पाहिला, पुरता लाल नव्हता, पण लालीकडे झुकलेला होता.

पण तापलेल्या तेलात गिअरबॉक्स किती दिवस चालला होता, आतल्या गिअर धरणाऱ्या चकत्या किती जळल्या होत्या, हे कुणी सांगू शकत नव्हतं. ते फक्त पूल सांगणार होता.

शुक्रवारी माझा पेपर नव्हता. मुलींचा शेवटचा पेपर होता. सकाळी त्या रिक्षानेच गेल्या. पप्पांनीच तसं सांगितलं होतं. "जाताना न्हाय. जाताना परीक्षा असते. येताना आणतो." दुपारची गर्दी, कडक ऊन, कशेळीचा चढ. जे जे चुकलं होतं ते सगळं एकत्र. मी चप्पल घातली तर म्हणाले, "तू नको. तू बाजूला असलीस की मी रस्ता सोडून तुझं तोंड बघतो."

आई म्हणाली, "आणि पुलावर बसली तर?"

"बसली तर बसली. मग येईन रिक्षानं." चावी फिरवताना ते थोडे थांबले. मग गेले.

त्यानंतरची दुपार मला अजून तशीच आठवते. आमच्या गल्लीत शुक्रवारी जो शांतपणा असतो तो बाहेरच्यांना कळणार नाही. आठवडाभर खडखडाटात राहिलेल्या कानांना त्या दिवशी स्वतःचाच आवाज येतो. कडुलिंबाचा मोहर गळत होता, तेवढाही ऐकू येईल असं वाटत होतं. आई उगाच भांडी पुन्हा घासत होती. आणि तो माणूस आला, खांद्यावर साखळी, मागे छोटा टेम्पो.

"गाडी किधर है?"

"ड्युटीपे गई है," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे, मग रिकाम्या अंगणाकडे, मग जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडे पाहिलं. "चलके गई?"

"हाँ."

"आएगी भी चलके?"

आईने त्याला पाणी दिलं. तो ओट्यावर टेकला, साखळी पायाशी ठेवली. भला माणूस होता, घाई करत नव्हता. पण साखळी ऊन खात होती आणि माझी नजर तिच्यावरून हटेना. यायची वेळ झाली. टळली. विहाराकडून पोरांच्या ढोलाचा सराव सुरू झाला आणि मला ओरडावंसं वाटलं की थांबवा, मला ऐकायचंय. ते आपणहून थांबले.

मग नाक्याच्या बाजूने आवाज आला. आधी वाटलं टेम्पो आहे. वळणाशी आवाज चढला, चढत गेला, आणि मी अंगणाच्या कडेपर्यंत गेले, कारण पुलावर असाच चढायचा. मग एक छोटासा धक्का, आणि आवाज खाली बसला. दुसरा गिअर. पुढे विहारासमोरच्या सपाटीवर आणखी एकदा चढला, बसला. तिसरा. गल्लीच्या तोंडाशी उघड्या काचेतून मुलींचं हसणं ऐकू आलं. पेपर बरे गेले असावेत.

तो माणूस उठला. त्याने साखळी पुन्हा खांद्यावर घेतली. गाडी अंगणात शिरताना त्याने ती जवळून पाहिली आणि पप्पांना म्हणाला, "दूसरे में झटका मारती है."

"मारू दे," पप्पा म्हणाले. "मी पन लंगडतोच की."

तो झटका शेवटपर्यंत राहिला. गाडी पुढे काही वर्षं चालली. तिघी नर्स झाल्या, माझ्या पदवीच्या समारंभाला आई-पप्पा तिच्यातूनच आले, आणि झटका बसला की आई समोरचा डॅशबोर्ड धरायची, सवयीने, न घाबरता. मग ती गाडी गेली. चांगली म्हातारी होऊन गेली. साखळी लावायला तोच माणूस आला होता.

आता माझी गाडी त्याच अंगणात उभी असते. काल शुक्रवार होता. मी ऑफिसातून येऊन, हातपाय धुऊन बाहेर आले तर पप्पा माझ्या गाडीचं बॉनेट उघडून आत वाकले होते, हवेचा पाइप इंजिनाच्या बाजूने लावून. गाडीच्या तोंडातून तूस बाहेर उडत होतं. मी म्हटलं, पप्पा, या गाडीला तो त्रास नाही.

"तुला काय माहीत," ते मान वर न करता म्हणाले. "पूल चढतेस ना रोज."